जुन्या ट्रकमधील कूलंटची गळती: या चुका टाळा

सकाळी इंजिनाखाली ओला डाग दिसला की बहुतेक जण डागाच्या बरोबर वर असलेल्या भागावर संशय घेतात, आणि पहिली चूक तिथेच होते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळते एका ठिकाणी आणि टपकते दुसऱ्याच ठिकाणी. पंख्याचा वारा ते मागे उडवतो, ब्लॉकच्या कडेने आणि ब्रॅकेटवरून ओघळत ते भलतीकडेच पोहोचते. म्हणून थेंबाच्या जागेपासून वर चढत, सर्वांत उंचावरची ओली जागा सापडेपर्यंत माग काढावा लागतो. इंजिनावर तेल आणि धूळ यांचा जुना थर असेल तर हा माग लागतच नाही; आधी इंजिन धुऊन कोरडे करण्यात गेलेला तास पुढचे कित्येक तास वाचवतो. सुकलेले कूलंट मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा सोडते आणि होजच्या (रबरी पाईपच्या) टोकाशी, क्लिपच्या खाली तो हमखास सापडतो.

दुसरी चूक म्हणजे दाब न देता केलेली तपासणी. कूलिंग यंत्रणा दाबाखाली काम करते, त्यामुळे बारीक फट उभ्या गाडीत कोरडी दिसते आणि रस्त्यावर मात्र वाहू लागते. थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावून रेडिएटरच्या कॅपवर छापलेल्या दाबापर्यंतच हवा भरावी आणि १५ मिनिटे टेस्टरचा काटा उतरतो का याकडे लक्ष ठेवावे. काही सांधे नेमके थंडीतच गळतात, कारण रबर आणि धातू आकसल्यावर क्लिपची पकड सैल पडते; म्हणून केवळ गरम इंजिनावर केलेल्या तपासणीवर विसंबू नये. कॅपचीही चाचणी घ्यावी. तिचे रबर किंवा स्प्रिंग गेली असेल तर कूलंट नाहक बाहेर फेकले जाते आणि दोष मात्र रेडिएटरवर येतो. इंजिन गरम असताना कॅप उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सुमारे १ बार जादा दाबाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. तो दाब एकाएकी सुटला की आतल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि चेहरा, हात भाजून निघतात.

वॉटर पंपाच्या बाबतीत होणारी चूक मला सर्वांत जास्त खटकते. पंपाच्या पोटाखाली एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. एका ट्रकचा पंप माझ्यासमोर उघडला तेव्हा ते छिद्र कोणीतरी सीलंटने व्यवस्थित लिंपलेले होते. बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेले होते, गोळ्यांवर गंज चढला होता आणि शाफ्ट हाताने हलत होता. त्या छिद्रातून सतत थेंब येऊ लागले की पंप बदलायचा, छिद्र बुजवायचे नाही.

होज बदलताना जुना पाईप ओढून काढू नये, कारण रेडिएटरची नळी वाकते किंवा तुटते. पाईप लांबीच्या दिशेने चिरून काढावा, नळीवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करावा आणि क्लिप नळीच्या टोकाच्या उंचवट्यावर न बसवता त्याच्या मागे बसवावी. गळती बंद करणारी पावडर तात्पुरती वाट काढून देते खरी, पण तीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांमध्ये साचून राहते. तिच्यावर कायमची भिस्त ठेवू नये.

बाहेर कुठेच ओल नाही आणि पातळी मात्र उतरते आहे, अशा वेळी केवळ कूलंट भरत राहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके असेल तर हीटर कोर (केबिन गरम करणारा, आतून कूलंट वाहणारा छोटा रेडिएटर) तपासावा. पांढरा धूर किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलची) शंका घ्यावी. लायनरभोवती (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याभोवती) थेट कूलंट खेळणाऱ्या डिझेल इंजिनात लायनरच्या खालच्या रबर रिंगा झिजल्या की कूलंट सरळ ऑइल चेंबरमध्ये उतरते. गाडी रात्रभर उभी ठेवून चेंबरचा ड्रेन प्लग सावकाश सैल करावा. तेलापेक्षा जड असल्याने कूलंट आधी बाहेर येते. तसे आढळल्यास इंजिन सुरू करू नये, नाहीतर क्रँकच्या बेअरिंगांना धोका असतो.

भरतानाही घाई नको. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर बहुधा निम्मे-निम्मे मिसळावे. वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करू नये. हीटर पूर्ण उघडा ठेवून आतली हवा निघून जाऊ द्यावी. काढलेले जुने कूलंट जमिनीवर सोडू नये, कारण त्यातील इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते आणि जनावरे ते चाटतात.

इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर क्लिपा पुन्हा तपासाव्यात. मग कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करून ती रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावी. अडकलेली हवा निघाल्यामुळे पहिल्या दिवशी ती थोडी उतरते, तेवढी भरून घ्यावी. त्यानंतरही उतरत राहिली तर पुन्हा प्रेशर टेस्टर लावावा.