बॉल उचलायला जाऊ नका: नवख्यांच्या गोल्फ स्विंगमधल्या चुका

नवशिक्याचा फटका फसला की शेजारचा हमखास म्हणतो, "डोकं वर केलंस." डोकं नंतर वर येतं. त्याआधीच वजन मागच्या पायावर अडकलेलं असतं, कारण बॉल हवेत जावा म्हणून माणूस तो खालून उचलायला बघतो. सेव्हन आयर्न या मधल्या पल्ल्याच्या क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) पात्याला मुळातच तीसेक अंशांचा कल असतो. ते खाली येताना बॉलला लागलं की बॉल आपसूक चढतो. उचलायला गेलात की क्लब आधी जमिनीत घुसतो, नाहीतर वर येता येता बॉलच्या डोक्याला लागून बॉल सरपटत जातो. (इथलं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी.)

ही चूक पकडायला गोव्यात रेंजचे (सरावाच्या मैदानाचे) पैसेही लागत नाहीत. ओहोटीला, आसपास माणसं नसताना, घट्ट ओल्या वाळूत दोन मीटरची सरळ रेघ ओढा. ती दोन्ही पावलांच्या मधोमध येईल असे एका टोकाला उभे राहा. बॉल न ठेवता पाऊण स्विंग करा, थोडं पुढे सरका, पुन्हा करा. वाळूतला ओरखडा रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडे सुरू झाला पाहिजे. उजवीकडे सुरू झाला तर भार मागेच राहिला. स्विंग संपताना उजव्या बुटाचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं असावं. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुऊन पुसा, खाऱ्या पाण्याने गंज धरतो.

दुसरं दुखणं स्लाइसचं: बॉल उजवीकडे वळत माडांत जातो. पातं क्लबच्या वाटेच्या मानाने उघडं असलं की हे होतं. क्रिकेट खेळलेल्यांची मूठ बहुधा याला कारणीभूत असते. ग्रिप डाव्या तळव्यात नव्हे, बोटांच्या मुळाशी धरा. खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते अडीच सांधे दिसायला हवेत. फक्त एकच दिसत असेल तर मूठ थोडी उजवीकडे फिरवा. दाब दहापैकी चार.

बॉल उजवीकडे जातो म्हणून नवखा लक्ष्याच्या डावीकडे रोख धरून उभा राहतो आणि खांद्याने क्लब बाहेरून आत ओढतो. स्लाइस आणखी वाढतो. बॉलपासून चार बोटं पलीकडे रिकामा बूट ठेवा आणि बुटाला न लागता फटका मारा. खाली येताना आधी कंबर वळवा, खांदे मागून येऊ द्यात.

ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबसाठी) बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) निम्मा बॉल क्लबच्या वर दिसेल इतका उंच. सेव्हन आयर्नला मध्यापासून जेमतेम एक बॉल पुढे.

काणकोणच्या राजबागेसारख्या समुद्रालगतच्या कोर्सवर दुपारी वारा समोरून आला की जोर लावायचा मोह होतो. जोराने फिरकी वाढते, बॉल वर चढतो आणि तिथेच पडतो. सेव्हनऐवजी कमी कलाचा सिक्स आयर्न घ्या, मूठ दोन बोटं खाली सरकवा, सावकाश मारा.

दमट हवेत ग्लोव्ह घामाने निसरडा झाला की मूठ नकळत आवळली जाते. दोन ग्लोव्ह ठेवा, आलटून-पालटून घाला. ओला बॅगेत कोंबू नका, बाहेर लटकवा.