पेटी घरपोच पाठवण्याआधी

दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडली, की दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, 'पुढच्या हंगामात थेट गिऱ्हाईकालाच आंबा देणार.' जरूर द्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्यातल्या कितीतरी जणांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पेट्या पोचवल्याच की. पण मार्चमध्ये पुठ्ठ्याचे बॉक्स आणले म्हणजे तयारी झाली, असं समजू नका. आमच्या रत्नागिरीजवळच्या पावसकडच्या बागेत ती दिवाळीलाच सुरू होते, शंभर पानी वहीपासून.

वहीत पहिल्यांदा फवारण्या लिहायच्या. तारीख, औषध, प्रमाण, कोणती कलमं. पालवीपासून फळ धरेपर्यंत फवारणीचे पाच-सहा हात होतात आणि 'ऑरगॅनिक आहे का हो?' हा प्रश्न पहिल्याच फोनवर येतो. तिथे 'हो हो' म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. होऊ नका. तुडतुड्यांसाठी काय मारलं, शेवटचा हात कधी झाला आणि काढणीपर्यंत किती दिवस गेले, हे वही बघून सांगा. फळमाशीसाठी रक्षक सापळे लावले असतील तर तेही सांगा. एखादं गिऱ्हाईक जाईल. उरेल ते पुढल्या वर्षी हा प्रश्न विचारणार नाही.

बॉक्सवर काय छापायचं ते जानेवारीतच ठरवा. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. पण मानांकनाचं चिन्ह वापरायला बागायतदार म्हणून स्वतःची नोंदणी लागते, ती केली नसेल तर करून घ्या. आणि बाग पावसला असेल तर पावसच लिहा. 'देवगड' लिहून चार पैसे जास्त मिळतात म्हणून ते छापणारे आपल्यातही आहेत. मग कर्नाटकचा आंबा आपल्या नावाने विकणाऱ्यांवर ओरडायला तोंड कुठून आणायचं?

आगाऊ नोंदणी अंदाजाच्या निम्म्यावर थांबवायची. एका वर्षी मी मोहोर बघून हुरळले आणि एकशे वीस पेट्यांचे पैसे घेऊन बसले. फेब्रुवारीत ढगाळ हवा, मग अवकाळी, आणि हातात आल्या सत्तर. पैसे सगळ्यांचे परत केले, पण कळवायला एप्रिल उजाडला, आणि लोकांचा राग त्याचाच होता. आता मोहोर काळा पडला की त्याच संध्याकाळी फोटो पाठवते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती पोकळ निघाली, उलट 'राहू दे, मिळतील तेवढ्या पाठवा' असे निरोप येतात.

काढणीआधी झेले, म्हणजे आंबा उतरवायच्या जाळीच्या काठ्या, तपासा, जाळी फाटलेली नको, पातं धारदार हवं. चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधीचं, फळच काढायचं, सकाळच्या वेळी, देठासकट, आणि तापलेल्या जमिनीवर ढीग न घालता सावलीत. गड्यांना हे एकदा सांगून भागत नाही. ही सगळी धडपड मुख्यतः साका हा फळाच्या आतला दोष टाळण्यासाठी. फळ बाहेरून पिवळंधमक, वासाने घर भरलेलं, आणि सुरी फिरवली की कोयीलगतचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. झाडावर जास्त पिकवलेल्या आणि उन्हात तापलेल्या फळात तो अधिक निघतो, पण काळजी घेऊनही निघतोच. बाहेरून ओळखू येत नाही, निर्यातवाल्यांनाही नाही. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. पण फोनवर हापूसच मागतात.

म्हणून प्रत्येक बॉक्समध्ये चिठ्ठी. ही तयार नसेल तर बॉक्स भरूच नका. साका म्हणजे काय ते चार ओळींत, कापलेल्या फळाच्या चित्रासकट. त्याखाली, असं फळ निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त येतील. हे आधी छापलेलं असणं फार महत्त्वाचं. एकदा पुण्याच्या एका काकूंचा फोन आला, 'पाच आंबे खराब निघाले गं.' मी सहज म्हटलं, 'काकू, फोटो पाठवता का?' पलीकडे शांतता. मग, 'म्हणजे मी पाच आंब्यांसाठी खोटं बोलतेय?' त्यांना समजावायला अर्धा तास गेला. आता चिठ्ठीवरच लिहिते, फोटो बागेच्या कोणत्या तुकड्यातला आंबा ते शोधायला हवा. आणि ते खरंच आहे, कारण बॉक्सवर काढणीची तारीख आणि बागेच्या तुकड्याचा नंबर घातलेला असतो.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पिकवायचं कसं ते. शहरात आढी, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालणं, कोणी बघितलेली नसते. बॉक्स आला की उघडा, फळं पेंढ्यावर एका थरात मांडा, रोज हाताने बघा, कच्ची असताना फ्रिजमध्ये घालू नका. आठ-दहा दिवस लागतात. दोन दिवसांत पिवळा का होत नाही म्हणून फोन येणारच, तेव्हा कार्बाइडवर बंदी आहे आणि आपण आढीतच पिकवतो, हे न चिडता सांगायची मनाची तयारी ठेवा.

वाहतूकवाल्याशी आधी बोला. आमच्या पेट्यांवर एकाने भाजीची पोती रचली होती, वरच्या रांगेतले आंबे थेट आमरसच होऊन पोचले. भरपाई शेवटी मीच दिली.

मे महिन्यात काही गिऱ्हाइकं बाग बघायला येतात. त्यांना येऊ द्या. पायवाट साफ करा, कुत्रं बांधा, बायकांसाठी मोरी-संडास नीट असू दे, कोकम सरबताची बाटली भरून ठेवा. फवारणीची वही ओटीवर उघडी असू दे. पोरांच्या हातात झेला द्या, पण देठाचा चीक तोंडाला लागू नये म्हणून आधी सांगा, आणि लाल मुंग्यांनी पानं शिवलेली घरटी असतील त्या कलमाखाली कुणाला उभं करू नका.