सुईला घाबरणाऱ्या मुलांसाठी गेम बनवताय? फुंकरीपासून सुरुवात करा

पहिली गोष्ट म्हणजे गेम एका हाताने खेळता आला पाहिजे, कारण दुसऱ्या दंडात इंजेक्शन असणारे आणि तो हात हलून चालणार नाही. त्यामुळे फोन वाकडातिकडा करून खेळायचं काहीच ठेवू नका.

मी मुख्य खेळ फुंकरीचाच ठेवला, मोबाईलच्या माइकवर फुंकर मारली की स्क्रीनवरची होडी पुढे सरकते. लांब श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडतं आणि ताठरलेल्या दंडात सुई जास्त दुखते, म्हणून हे. पण माझ्या साडेपाच वर्षांच्या भाचीने पहिल्यांदा खेळताना फू फू फू करत इतक्या जोरात फुंकलं की तिला गरगरायला लागलं, मग मी बदललं, आता हळू आणि लांब फुंकर असेल तरच होडी हलते.

लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं खरंच कमी जाणवतं. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी गेट थिअरी मांडली, दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं आणि मेंदू ते थोडंफार लावूनही घेऊ शकतो. नुसतं कार्टून दाखवण्यापेक्षा मुलाला स्वतः काहीतरी करायला द्या, ते गुंतून राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्लीज मुलाला फसवू नका. गेममध्ये रमलंय तोवर गपकन टोचून घेऊ, हे एकदाच जमतं, पुढच्या वेळी ते पोर गेम बघूनच रडायला लागेल. म्हणून एक मोठं ‘मी तयार’ बटण ठेवा, ते मुलानेच दाबायचं आणि तीन मोजायचे की पाच तेही त्यानेच ठरवायचं. ‘दुखणार नाही’ असं गेममध्ये कुठेही लिहू नका, ‘क्षणभर टोचेल’ लिहा. हरणं नको, टायमर नको, आणि सुई निघाल्यावरही होडी किनाऱ्याला लागेपर्यंत खेळ चालू राहू दे.

मोठ्या मुलांमध्ये काहींना सुई बघून चक्कर येते, त्यांचं ब्लड प्रेशर एकदम पडतं, तिथे सैल पडून उलटंच होतं. त्यांच्यासाठी वेगळी लेव्हल करा, पायाचे स्नायू 10-15 सेकंद आवळायचे, मग सोडायचे, परत आवळायचे, इंजेक्शनचा हात मात्र सैलच.

आणि गेम दवाखान्यात पहिल्यांदा उघडू नका, आधी चार-पाच दिवस घरीच मांडीवर बसवून खेळू द्या.