घरच्या बिअरचा गॅस बर्नर: मोठा घेण्याआधी या चुका टाळा

वॉर्टला (ज्याची पुढे बिअर होते त्या माल्टच्या गोड पाण्याला) उकळी यायला पाऊण तास लागतो, पातेल्याचं बूड काळंकुट्ट होतं, सिलिंडर चौथ्याच बॅचला संपतो. असं झालं की बहुतेक जण आणखी मोठा बर्नर शोधू लागतात. खरं तर बर्नर बहुधा पुरेसा असतो. चुकलेली असते ती हवा, अंतर किंवा दाब.

इथली सगळी माहिती अमेरिकेतल्या मांडणीची आहे: ५ गॅलनची (१९ लिटर) बॅच, अंगणातला प्रोपेन बर्नर आणि २० पौंडी सिलिंडर. तिथे १९७८च्या केंद्रीय कायद्यानं घरी स्वतःपुरती बिअर बनवायला करमाफी मिळाली. मर्यादा एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा ठरतो, हे इथल्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

आधी हिशेब, मग खरेदी

ताशी ६०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) बर्नर म्हणजे साधारण १७.६ किलोवॅट. यातली तिसरा हिस्सा उष्णता पातेल्यात उतरली तरी जवळपास ६ किलोवॅट हाती लागतात. तेवढ्यात ३० लिटर पाणी १५ वरून ७२ अंश सेल्सिअसवर जायला सुमारे २० मिनिटं लागतात आणि २५ लिटर वॉर्ट ६५ अंशांवरून उकळीला यायला १० ते ११. तुमच्याकडे याच्या दुप्पट वेळ लागत असेल तर उष्णता बाहेर वाया जाते आहे. मोठा बर्नर आणलात तर तीही जास्त वाया जाईल.

नेमकं किती वाया जातं, हे मोजता येतं. सिलिंडर वजन करून घ्या, सामानाचा लटकता काटा पुरतो. २० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्या आणि पुन्हा वजन करा. पाण्यानं घेतलेली उष्णता ३.३५ मेगाज्यूल होते. प्रोपेन किलोमागे साधारण ५० मेगाज्यूल देतो. २०० ग्रॅम गॅस जळला असेल तर कार्यक्षमता ३३ टक्के. ३०० ग्रॅम जळला असेल तर पुढचे बदल एकेक करून बघा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केले तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

पिवळी ज्योत आणि काजळी

बुडाला काजळी धरते याचा अर्थ गॅस अर्धवट जळतो आहे. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते. तिच्यातली बरीचशी बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जेटच्या (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याच्या) मागच्या झडपेतून आत ओढली जाते. झडपेचा स्क्रू सैल करून ती थोडी थोडी उघडा. ज्योत निळी झाली आणि आतला शंकू टोकदार दिसू लागला की थांबा. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन फडफडायला लागली तर हवा किंवा दाब जास्त झाला. फट्‌ आवाज करून ती नळीत शिरली तर गॅसचा वेग कमी पडतो आहे: बर्नर बंद करून जरा थांबा, मग दाब थोडा वाढवून पुन्हा पेटवा.

झडप पूर्ण उघडूनही ज्योत पिवळीच राहिली तर नळीत टॉर्च मारून बघा. कोळ्याचं जाळं हे इथलं फार नेहमीचं कारण आहे, विशेषतः बर्नर हिवाळाभर शेडमध्ये पडून राहिला असेल तर. बाटली धुवायच्या लांब ब्रशनं नळी साफ करा आणि ठेवताना तिच्या तोंडावर कापड बांधा.

जेटमध्ये मात्र पिन घालू नका. रॉकेलच्या स्टोव्हची ती सवय इथे घात करते. जेट पितळेचा असतो आणि भोक सहज मोठं होतं. १.० मिलिमीटरचं भोक १.२ झालं तर गॅस ४४ टक्के वाढतो आणि त्याच्या प्रमाणात हवा मिळत नाही. जेट काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, फुंकर मारून वाळवा. भोक आधीच मोठं झालं असेल तर बर्नरच्या कंपनीनं दिलेल्या मापाचा नवा जेट बसवा.

चुकीचा रेग्युलेटर

ग्रिलचा रेग्युलेटर ११ इंच पाण्याच्या दाबाला, म्हणजे ०.४ पीएसआयला (चौरस इंचावर इतके पौंड दाब) बांधलेला असतो. लग्नातल्या भट्टीसारखे सूं आवाज करणारे बर्नर १० ते ३० पीएसआयपर्यंतच्या रेग्युलेटरसाठी बनवलेले असतात. अशा बर्नरला ग्रिलचा रेग्युलेटर लावला तर ज्योत मिणमिणते. उलटी चूक जास्त वाईट, कारण कमी दाबाच्या बर्नरचा जेट मोठा असतो. त्यावर उच्च दाब दिला तर हातभर पिवळ्या ज्वाळा उठतात. आणि दाब चौपट केला की गॅस साधारण दुप्पटच वाढतो, म्हणून नुसती चावी पिळत बसण्यात अर्थ नाही.

रेग्युलेटर बरोबर असून ज्योत लहान येत असेल तर सिलिंडर झटक्यात उघडला होता का, ते आठवा. जोडणीतल्या सुरक्षा झडपेला तो एकदम आलेला झोत म्हणजे गळती वाटते आणि झडप प्रवाह आवळून धरते. सिलिंडर आणि बर्नर दोन्ही बंद करा, जोड सोडवा, दोनेक मिनिटं थांबा. पुन्हा जोडून आधी सिलिंडर सावकाश उघडा, त्यानंतरच बर्नरचा नॉब.

थंडीत निम्म्याहून रिकामा सिलिंडर बाहेरून गोठतो आणि आच मंदावते, कारण द्रव प्रोपेनचा वायू होताना उष्णता सिलिंडरमधूनच ओढली जाते. भरलेला सिलिंडर लावा किंवा हाताला कोमट लागेल अशा पाण्याच्या टबात ठेवा. उकळतं पाणी किंवा कुठलीही ज्योत सिलिंडरजवळ नेऊ नका.

पातेलं खूप खाली

आतला निळा शंकू थंड बुडावर आपटला की ज्योत विझू लागते, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शंकूचं टोक बुडाच्या थोडं खाली राहील इतकं पातेलं वर घ्या, एका वेळी दोन सेंटिमीटर. वारा अडवायला तीन बाजूंनी पत्रा लावा. खालून हवेला वाट हवी, वर पातेल्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर फट हवी. सिलिंडर आणि होज पत्र्याच्या बाहेरच.

उकळी आल्यावरही पूर्ण आच

सिलिंडर लवकर संपायचं सगळ्यात मोठं कारण हेच. तासाला ३ लिटर वाफ घालवायला १.९ किलोवॅट पुरतात, म्हणजे पूर्ण आचेवर पातेल्यात उतरणाऱ्या ६ किलोवॅटचा साधारण तिसरा हिस्सा. आच तेवढी उतरवली तर बॅचला सव्वा किलोच्या आसपास गॅस जातो, तासभर पूर्ण आच ठेवली तर दोन किलो. भरल्या सिलिंडरमध्ये ९ किलो असतो. सात बॅच की चार, हा फरक नॉबवर ठरतो.

९५ अंशांच्या पुढे प्रथिनांचा फेस चढतो, म्हणून आच त्याआधीच कमी करा आणि पाण्याची फवारणी बाटली हाताशी ठेवा. माल्ट एक्स्ट्रॅक्ट घालताना ज्योत पूर्ण बंद हवी. पाक तळाशी बसून बुडाला लागतो आणि तो करपट वास बाटलीपर्यंत जातो. वॉर्ट उतू जाऊन ज्योत विझली तर आधी सिलिंडर बंद करा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. तो विरल्यावरच पुन्हा पेटवा आणि काम झाल्यावर थंड बर्नरची साखर धरलेली भोकं तारेच्या ब्रशनं मोकळी करा.

जोडणी आणि जागा

फ्लेअर जोडाला (ज्यात नळीचं तोंड पसरट केलेलं असतं) टेप लावायची नसते, तिथे धातूवर धातू बसूनच जोड बंद होतो. निमुळत्या आट्यांना गॅससाठीची पिवळी टेप लावा, नळाची पांढरी नको. प्रत्येक बॅचआधी गॅस चालू आणि बर्नर बंद ठेवून सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा वाढला तर गॅस बंद करून जोड पुन्हा करा.

बर्नर उघड्यावरच चालवा. दार उघडलेलं गॅरेजही चालत नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरतो. लाकडी डेक टाळा. काँक्रीटवर ठेवत असाल तर ते कोरडं असू द्या, ओलं काँक्रीट तापून टवके उडवतं. स्टँड डुगडुगतो का, हे रिकाम्या नाही, पाण्यानं भरलेल्या पातेल्यानं तपासा, कारण २५ लिटर वॉर्ट आणि पातेलं मिळून वजन ३० किलोच्या पुढे जातं. नवा बर्नर असेल तर पहिली १५-२० मिनिटं पातेल्याशिवाय पेटवून त्याचा रंग जळू द्या.