वॉर्ड बंद असताना नर्सिंग कसं शिकायचं

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे वसतिगृहं रिकामी झाली, मुलंमुली आपापल्या गावी गेली आणि नर्सिंगचं पहिलं वर्ष मोबाइलवर येऊन ठेपलं. मी फंडामेंटल्स, म्हणजे नर्सिंगची मूलतत्त्वं शिकवते. लेक्चर कसं ऐकायचं हे तुम्हाला कुणीही सांगेल, मला काळजी आहे ती तुमच्या हातांची. वॉर्डात पोस्टिंग नाही म्हणून हात सहा-आठ महिने रिकामे राहिले, तर नंतर त्याची झळ रुग्णाला बसते.

तेव्हा वहीच्या मधोमध एक रेघ मारा. घरी हातानं करता येईल ते डावीकडे लिहा, वॉर्डाशिवाय येणारच नाही ते उजवीकडे. इंजेक्शन, कॅथेटर, सक्शन, ड्रेसिंग उजवीकडे. नाडी, श्वसन, तापमान, बेड मेकिंग, रुग्णाला कुशीवर वळवणं, हात धुणं, ड्रिपचं गणित (सलाइन मिनिटाला किती थेंब सोडायचं ते) डावीकडे. डाव्या बाजूला रोज अर्धा तास द्या, त्या दिवशी लेक्चर झालं असो वा नसो.

रेंजचं आधी उरकून घेऊ. मॅडमकडून पीडीएफ आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, क्लासमध्ये व्हिडिओ बंद ठेवून फक्त आवाज ऐका. आवाज तुटत असेल तर बांधावर धावू नका. पीडीएफ वाचून दोन प्रश्न लिहून पाठवा. घरात एकच फोन आणि भावाचीही शाळा त्यावरच असेल, तर ते मॅडमना स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घरच्यांनाही सांगा की त्या तासाला भाकरी, धुणं, पाणी कुणीतरी दुसरं बघेल. सुट्टीला आलेली मुलगी आणि शिकत असलेली मुलगी यांतला फरक घराला सांगावाच लागतो.

आता श्वसन. टीपीआर चार्टवर, म्हणजे तापमान, नाडी, श्वसन लिहायच्या तक्त्यावर सगळ्यात जास्त अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडा हाच. आजीला सांगितलं की ‘तुझा श्वास मोजते’, की ती श्वास बदलते. म्हणून अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवा, नाडी पूर्ण मिनिट मोजा आणि बोटं तशीच ठेवून नजर छातीकडे वळवा. छाती वर येऊन खाली गेली की एक. हेही पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण १२ ते २०, नाडी ६० ते १००. घरात तान्हं बाळ असेल तर ते झोपलेलं असताना छातीऐवजी पोट पाहा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर तो धोक्याचा इशारा आहे, दवाखान्यात न्यायला सांगा.

हात धुण्यासाठी एक प्रयोग करा. तळहातावर चमचाभर तेलात हळद कालवा, डोळे मिटा आणि शिकवलेल्या सगळ्या पायऱ्यांनी ती चोळा. डोळे उघडून पाहा. अंगठ्याची मागची बाजू, बोटांची टोकं, मनगट यांतलं काहीतरी बहुतेकदा कोरं राहिलेलं दिसेल. वॉर्डात जंतू राहतात ते तिथेच. मग साबणानं ४० ते ६० सेकंद धुवा.

ड्रिप सेट घरी नसतो, नळ असतो. समजा ५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं आहे आणि सेट मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, ८ तासांची ४८० मिनिटं, भागाकार २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. खाली बादली ठेवून नळ इतका सोडा की घड्याळावर मिनिटाला बरोबर २१ थेंब पडतील. चार दिवस केलंत की वेग डोळ्यांत बसतो. खऱ्या सेटवर मात्र पाकिटावर छापलेला थेंबांचा आकडा आधी वाचायचा, सगळे सेट २० चे नसतात.

१५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या राज्याच्या कोविड मोहिमेची पथकं घरोघरी ताप आणि ऑक्सिजन तपासत होती. अशी पथकं दारी आली की मास्क लावून, अंतर राखून नीट पाहा: ऑक्सिमीटर कोणत्या बोटाला लावतात, आकडा स्थिर व्हायला किती वेळ लागतो. नखाला नेलपॉलिश असेल किंवा बोट गार असेल तर आकडा फसवतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. ‘नर्सिंगला आहेस ना, मग एवढं इंजेक्शन दे, सलाइन लाव’ असं शेजारी म्हणतील. साथीच्या काळात दवाखान्यात जायला माणसं घाबरतात, त्यामुळे जास्तच म्हणतील. देऊ नका. काका-मामा असोत, सरपंच असोत, हात जोडून नाही म्हणा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर द्या.

लॉगबुकात, म्हणजे प्रोसिजरच्या नोंदवहीत, व्हिडिओवर पाहिलेली प्रोसिजर ‘पाहिली’ अशीच लिहा. ‘केली’ लिहून सही मागू नका, कुणी आपणहून देत असेल तरी घेऊ नका. कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात उजव्या बाजूची यादी घेऊन तुमच्या ट्यूटरकडे जा. एकेक प्रोसिजर आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) करून दाखवा, मग त्या शेजारी उभ्या असताना रुग्णावर करा, आणि सही त्यानंतर घ्या.