खोलीतल्या हवेचं सीएफडी : चित्र देखणं, उत्तर चुकलेलं. या चुका टाळा

सीएफडी म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर गणिताने सोडवणं. रात्रभर मशीन चालवून सकाळी स्क्रीनवर निळ्या-लाल रेघा उमटल्या की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण माझ्याकडे तपासायला येणारी खोलीतल्या हवेची बरीचशी मॉडेलं सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, सुरू होण्याआधीच चुकलेली असतात. सॉल्व्हर बिचारा, जे सांगितलं ते इमानेइतबारे सोडवतो.

हिशोबासाठी एक खोली धरू. क्लासची, ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. ४० विद्यार्थी, भिंतीवर दोन स्प्लिट एसी, खिडक्या बंद. अशा खोल्या प्रत्येक शहरात सापडतील.

एसी म्हणजे ताजी हवा नव्हे

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मॉडेलमध्ये एसीच्या तोंडाला इनलेट (खोलीत हवा येण्याची जागा), वरच्या जाळीला आउटलेट (हवा बाहेर जाण्याची जागा), आणि इनलेटच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती? तर बाहेरच्या हवेइतका, म्हणजे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०). इथेच घात होतो.

प्रत्येक एसी तासाला ६०० घनमीटर हवा फेकतो असं धरा. बसलेला मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे ४० जणांचे ७२० लिटर. दोन एसींच्या १२०० घनमीटर हवेत ते मिसळले की ६०० पीपीएमची भर पडते. एकूण १०२०. रिपोर्टात लिहिलं जातं, हवा ठीक आहे.

प्रत्यक्षात स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. खोली १४४ घनमीटरची. पूर्ण बंद असेल तर तासाभरात ५००० पीपीएमची भर पडेल. दाराच्या फटींतून तासाला अर्धी खोलीभर हवा बदलते असं मानलं, तरी तास संपताना आकडा ४३०० च्या वर असतो. कुठे १०२० आणि कुठे ४३००! ही चूक पकडली जात नाही, कारण १०२० हा आकडा पटण्यासारखा आहे. वेडावाकडा आला असता तर कुणीही थबकलं असतं.

उपाय सोपा आहे. जाळीत शिरणाऱ्या हवेतलं सरासरी प्रमाण काढायचं आणि तेच एसीच्या तोंडाला द्यायचं. फ्लुएंट या सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये एक्सप्रेशन, म्हणजे सूत्र, लिहून हे जमतं. ओपनफोम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘आउटलेट मॅप्ड युनिफॉर्म इनलेट’ नावाची बाउंड्री कंडिशन (मॉडेलच्या कडेला द्यायची अट) तयारच आहे. ४२० पीपीएम फक्त तिथे द्या जिथून बाहेरची हवा खरोखर आत येते.

याच खोलीत आणखी एक सापळा आहे. स्टेडी सॉल्व्हर (शेवटची स्थिर अवस्थाच काढणारा) वापरलात तर तासाला अर्ध्या खोलीच्या बदलाला उत्तर येईल १०,४२० पीपीएम. गणित बरोबर, पण तिथवर पोचायला पाच-सहा तास लागतात आणि क्लास दीड तासात सुटतो. इथे ट्रान्झियंटच, म्हणजे वेळेनुसार पुढे सरकणारं गणितच, चालवायला हवं.

ग्वांगझूच्या रेस्टॉरंटचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. २४ जानेवारी २०२० रोजी शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना कोविड झाला. हाँगकाँग विद्यापीठाचे युगुओ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेशन तर केलंच, पण जागेवर इथेन वायू सोडून ताजी हवा किती येते तेही मोजलं. माणशी सेकंदाला जेमतेम ०.७५ ते १.०४ लिटर! एसीच्या झोताने त्या तीन टेबलांभोवती हवा घुमत होती हे सीएफडीने दाखवलं, पण घुमणारी हवा बदलतच नव्हती हे कळलं मोजमापातून. आपल्या क्लासमध्ये १००० पीपीएम राखायचं तर माणशी सेकंदाला साडेआठ लिटरच्या आसपास ताजी हवा लागेल.

झोत पोचतच नाही

‘गार हवा समोरच्या भिंतीपर्यंत जात नाही, पहिल्याच बाकावर पडते’ अशी तक्रार आली की मी आधी इनलेटचं क्षेत्रफळ विचारतो. एसीची फट समजा ८० बाय ७ सेंटिमीटर आहे. ६०० घनमीटरला वेग येतो सेकंदाला ३ मीटर. कुणीतरी सोय म्हणून युनिटचा अख्खा दर्शनी भाग, ८० बाय २८, इनलेट करून टाकतं. हवा तेवढीच जाते, पण वेग आणि झोताचा जोर दोन्ही एक चतुर्थांश होतात. छतातल्या डिफ्यूजरचंही असंच. बाहेरचं माप घेऊ नका, हवा जाते ते मोकळं क्षेत्र घ्या आणि पात्यांचा कोन द्या.

आणि पंखा? तो तर बहुतेक मॉडेलांत नसतोच. १२०० मिलिमीटरचा छताचा पंखा मिनिटाला २०० घनमीटरच्या आसपास हवा ढकलतो, म्हणजे आपल्या एका एसीच्या वीसपट. तो वगळून काढलेली रेषाचित्रं आपल्याकडच्या खोल्यांची नव्हेतच. पात्यांची भूमिती नको असेल तर पंख्याच्या जागी एक चकती धरून तिच्यात मोमेंटम सोर्स (हवेला ढकलणारा जोर) द्या, थोडा गोल फिरण्याचा पीळही द्या.

गरम हवा वर जात नाही

फ्लुएंटमध्ये गुरुत्वाकर्षण मुळात बंद असतं. हसू नका, मीही हे केलंय. वेग सेकंदाला पाव मीटर, तापमानातला फरक ५ अंश आणि उंची ३ मीटर धरली तर रिचर्डसन अंक (उष्णतेचा उठाव झोताच्या जोराच्या किती पट ते) ८ च्या जवळ येतो, म्हणजे कारभार उष्णतेच्या हाती आहे. गुरुत्व चालू करूनही खिडकीतून विनाकारण वारा वाहताना दिसला तर ऑपरेटिंग डेन्सिटी (सॉफ्टवेअरने धरलेली हवेची संदर्भ घनता) तपासा. ती बाहेरच्या हवेशी जुळत नसेल तर सॉफ्टवेअर नसलेला दाब तयार करतं.

माणसाची उष्णता देतानाही गोंधळ होतो. बसलेल्या माणसाच्या सुमारे ७० वॅट जाणवणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने निम्मी उत्सर्जनाने भिंतींकडे जाते. रेडिएशन मॉडेल बंद ठेवून सगळे ७० वॅट हवेत ओतले, तर प्रत्येक डोक्यावर चुलीवरच्यासारखा लोट उठतो. वर पत्र्याचं छप्पर असेल तर रेडिएशनला पर्यायच नाही.

मेश, मॉडेल, रेसिड्युअल

यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. टर्ब्युलन्स मॉडेलवरून (हवेतल्या खळबळीचा हिशोब कसा धरायचा यावरून) वाद घालणाऱ्यांनी आधी कमी-जास्त बारीक अशा तीन मेशवर (खोलीचे पाडलेले छोटे कप्पे) बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे १.१ मीटरवर, उत्तर जुळतंय का ते पाहावं. सुरुवातीला आरएनजी के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्स मॉडेल घ्या. १९९५ मध्ये संशोधक छिंगयान चेन यांनी केलेल्या तुलनेत खोल्यांसाठी तेच थोडं सरस ठरलं होतं. नवशिक्यांनी आधी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अॅनेक्स २० या प्रकल्पाची ९ बाय ३ मीटरची चाचणी-खोली सोडवून मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी.

रेसिड्युअल (समीकरणांत अजून उरलेली चूक) ०.००१ खाली गेले म्हणजे उत्तर आलं असं नाही. एखाद्या बिंदूवरचा वेग हेलकावे खात असेल तर प्रवाहच अस्थिर असू शकतो; रिलॅक्सेशन (दर फेरीला उत्तर किती बदलू द्यायचं ते) कमी करून तो दाबू नका, ट्रान्झियंट चालवून सरासरी घ्या. आत सोडलेली उष्णता आणि बाहेर गेलेली उष्णता यांची गोळाबेरीजही बघा.

उदबत्ती

जागेवर जाताना खिशात उदबत्ती ठेवा. एकदा आमच्या मॉडेलमध्ये हवा दाराखालून आत येत होती आणि उदबत्तीचा धूर मात्र सरळ बाहेर जात होता. बाहेर पाहिलं तर बोळाच्या टोकाला स्वच्छतागृहाचा मोठा एक्झॉस्ट सुरू होता. तो आम्ही मॉडेलमध्ये घेतलाच नव्हता.