घरचा बॅकअप फसला तर फोनवर कसं कळणार?

सेटअप साधारण असा धरतोय: टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो), त्याला यूएसबीने लावलेली हार्डडिस्क, आणि रोज रात्री आरसिंक हा फाईली कॉपी करणारा प्रोग्राम घरातल्या लॅपटॉपवरचे चवथीचे फोटो, पोरांची सर्टिफिकेटं, जमिनीचे एक-चौदाचे उतारे वगैरे त्या डिस्कवर उतरवतो. इथवर बऱ्याच जणांचं झालेलं असतं. पण तो रात्री खरंच चालला का हे बघायचं कोणी? लॉग फाईल असते हो, पण ती रोज उघडून वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तर आधी फोनवर एनटीएफवाय नावाचं ॲप टाका, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीसाठी आहे, फुकट आहे, अकाउंट काढावं लागत नाही. ॲपमध्ये एक टॉपिक सबस्क्राईब करायचा, म्हणजे फक्त एक नाव द्यायचं. हे नाव मात्र जरा विचार करून द्या, कारण ते ज्याला कळलं तो तुमचे मेसेज वाचू शकतो आणि पाठवूही शकतो, म्हणजे नाव हाच पासवर्ड. 'बॅकअप' किंवा 'फोंडा' असलं काही नको, पंधरा-वीस आडवीतिडवी अक्षरं टाका, आणि मेसेजमध्ये फाईलची नावं घालू नका.

पायवरून मेसेज पाठवायला एकच ओळ लागते: कर्ल (वेब पत्त्यावर काही पाठवायची कमांड), मग डॅश डी, पुढे अवतरणात मेसेज, आणि शेवटी एनटीएफवाय डॉट एसएच स्लॅश तुमचा टॉपिक. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाईप करायची, मेसेज मराठीत लिहिला तरी नीट येतो. फोन वाजला की पुढे चला.

आता स्क्रिप्ट, म्हणजे रोज रात्री चालणारी कमांडांची फाईल. आरसिंक संपला की एक्झिट कोड म्हणून एक आकडा देतो, ० म्हणजे सगळं ठीक. आरसिंकच्या लगेच पुढच्या ओळीत हा कोड एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, मध्ये साधा इको (स्क्रीनवर काही छापायची कमांड) जरी घातला तरी आरसिंकचा कोड गेला, त्याच्या जागी इकोचा ० येतो आणि फसलेला बॅकअप पास दिसतो. २४ आला तर घाबरू नका, कॉपी चालू असताना एखादी टेंपररी फाईल गायब झाली एवढंच. २३ आला तर बघायला हवं, काही फाईली गेल्या नाहीत, परमिशन तरी नसेल किंवा डिस्क तरी म्हातारी झाली असेल. म्हणजे ० आणि २४ सोडून काहीही आलं की कर्लची ओळ चालवायची, हाय प्रायॉरिटी लावून. 'बॅकअप झाला' असा मेसेज रोज पाठवू नका, महिन्याभरात तुम्ही तो न वाचताच सरकवायला लागता आणि मग खरा मेसेजही तसाच सरकतो.

पण आपल्याकडचा खरा घोळ पावसात होतो. वारा सुटला की माडाचं चुडत तारेवर पडतं, लाईट जाते, येते, परत जाते, आणि या गडबडीत पाय चालू होतो पण डिस्क माउंट होत नाही, म्हणजे तिच्यासाठी ठरवलेल्या फोल्डरला जोडली जात नाही. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) नोफेल लिहिलेलं असलं तर पाय डिस्कशिवाय निवांत बूट होतो, ते बरंच आहे, पण माउंटचा रिकामा फोल्डर जागेवर असतोच ना, आरसिंक बिचारा त्यातच सगळं ओततो, म्हणजे पायच्या स्वतःच्या मेमरी कार्डावर, आणि कोड देतो ०! कार्ड भरेपर्यंत सगळं हिरवंगार. म्हणून आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट ही कमांड डॅश क्यू लावून त्या फोल्डरवर चालवा, डिस्क लागलेली नसेल तर 'डिस्क नाही' असा मेसेज टाकून स्क्रिप्ट तिथेच थांबवा. दुसरं काही केलं नाही तरी एवढं कराच.

तरी एक भोक राहतंच. पायच बंद असेल तर तो मेसेज कसा पाठवणार? त्यासाठी हेल्थचेक्स डॉट आयओ. तिथे एक चेक बनवायचा, तो एक पत्ता देतो, बॅकअप नीट झाल्यावर स्क्रिप्टने त्या पत्त्यावर कर्लने टकटक करायची, आणि ठरल्या वेळेत टकटक आली नाही तर तो तुम्हाला उठवतो. फुकटात २० चेक मिळतात, घराला रग्गड झाले. पिरियड, म्हणजे दोन टकटकींमधलं अंतर, १ दिवस ठेवा, ग्रेस टाईम, म्हणजे उशिराची सवलत, पावसाळ्यात चांगला सहा-सात तास द्या, नाहीतर लाईटचा प्रत्येक झटका तुमच्या फोनवर येईल. हे हेल्थचेक्स घरच्या रास्पबेरी पायवरही चालवता येतं, ओपन सोर्स आहे, पण त्याचा उपयोग काय, लाईट गेली की आजारी आणि डॉक्टर दोघेही एकदमच आडवे.

अलर्टसाठी एनटीएफवाय जोडता येतं, पण सोबत ईमेलही ठेवा. एनटीएफवायचा सर्व्हर मेसेज साधारण १२ तासच सांभाळतो, तेव्हा घरचा बॅकअप बघणारा भाऊ बोटीवर असला आणि दोन दिवस नेट नसलं तर त्याला काहीच दिसणार नाही, ईमेल निदान पडून राहील.

स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालवायला क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरला तर त्यात पर्सिस्टंट ट्रू लिहा, मग रात्री दोनला लाईट नसली तरी पाय चालू झाल्यावर चुकलेला बॅकअप तो करून घेतो. साधा क्रॉन सरळ उद्यावर ढकलतो.

फोनच्या सेटिंगमध्ये एनटीएफवायला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात ॲपच मारून टाकतात.

आणि ट्रायल घ्या. डिस्क अनमाउंट करून स्क्रिप्ट हाताने चालवा, 'डिस्क नाही' आलंच पाहिजे. मग हेल्थचेक्सवर पिरियड आणि ग्रेस दोन्ही पाच मिनिटांवर आणा, एकदा टकटक करा आणि गप्प बसा, दहा मिनिटांनी अलर्ट यायला हवा. आला की दोन्ही आकडे आठवणीने परत जागेवर न्या, नाहीतर रोज रात्री बॅकअप नीट होऊनही दहा मिनिटांनी तो बोंब ठोकणार.